आमच्या आसनांच्या बाई

गेल्या दिवाळीत माझ्या भावाची मुलगी बंगळूरहून आमच्याकडे टिळकवाडीत चार दिवसांसाठी आली. सामान फार नव्हते. कपड्यांची एक पेटी, कचेरीच्या कामाची पिशवी आणि तिच्या पाठीशी बांधलेली एक जाडसर गुंडाळी. मला वाटले, नव्या पद्धतीची सतरंजी असावी. दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नानासाठी तिला उठवावयास गेले, तो ही आधीच उठून पुढच्या खोलीत त्या गुंडाळीवर उताणी पडलेली, दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर उचललेले आणि तोंडाने हळू आवाजात आकडे मोजणे चाललेले. मला पाहून म्हणाली, "आत्या, अर्धा तास थांब हं. माझे पिलाटेस चालले आहे."

हा शब्द मी ऐकला नव्हता असे नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीत, नट्यांच्या मुलाखतींत तो अलीकडे डोकावत असतो. परंतु घरात कोणी ते करताना पाहण्याचा प्रसंग पहिलाच. फराळाच्या वेळी तिने आपल्या शिकविणाऱ्या बाईंविषयी जे सांगितले, ते मी लक्ष देऊन ऐकले. दिवसभर यंत्रासमोर बसून हिची मान आखडली होती, हाताला मुंग्या येत होत्या. त्या बाईंनी हिला सहा महिने नुसते श्वास घेणे आणि पोट आत ओढून धरणे एवढेच शिकविले म्हणे. "माझी टीचर रागावली ना, की मला घरच्यासारखे वाटते," असे ती म्हणाली आणि माझ्या हातातील चकली तशीच राहिली.

पिलाटेस हे कोणा औषधाचे वा देशाचे नाव नसून एका गृहस्थाचे आडनाव आहे, हे मला तिच्याकडूनच कळले. मग हाताशी वेळ होता म्हणून अधिक वाचले. योसेफ पिलाटेस यांचा जन्म १८८३ साली जर्मनीतील एका गिरण्यांच्या गावी झाला. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी हा मुलगा पुरता खंगलेला होता. त्या अशक्तपणाच्या चिडीतून त्याने व्यायामाचा ध्यास घेतला. पुढे तो इंग्लंडात असताना पहिले महायुद्ध सुरू झाले आणि शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला आइल ऑफ मॅन बेटावरील छावणीत डांबण्यात आले. तेथे अंथरुणाला खिळलेल्या बंदिवानांना पडल्या पडल्या हातपाय हलविता यावेत म्हणून त्याने खाटांना स्प्रिंगा जोडल्या, अशी हकीकत सांगतात. १९२६ साली तो अमेरिकेस गेला, न्यूयॉर्कच्या आठव्या अॅव्हेन्यूवर पत्नी क्लारा हिच्यासह व्यायामशाळा थाटली आणि १९६७ साली मरेपर्यंत तेथेच शिकवीत राहिला. त्याने आपल्या पद्धतीस 'कंट्रॉलॉजी' असे नाव दिले होते. नर्तक मंडळी दुखावलेले गुडघे आणि कंबरा घेऊन त्याच्याकडे येत. त्याचे आडनाव पद्धतीला चिकटले ते त्याच्या शिष्यांमुळे.

हे वाचीत असताना मला सारखे वाटत होते की ही कथा आपण पूर्वी ऐकली आहे. खंगलेला मुलगा, परका मुलूख, दुखणाइतांसाठी खाटा-खुर्च्या-दोऱ्या यांची योजना, आणि शिष्यांवर खेकसणारा गुरू. मग आठवले. निपाणीच्या एका माडीवर, आमच्या बाईंच्या तोंडून ऐकली होती. फक्त त्या कथेतील मुलगा आपल्या बेल्लूरचा होता, आणि कथेला वळण मिळाले ते आमच्या या बेळगावात.

बाईंचे नाव मी येथे लिहीत नाही. त्यांना ते आवडले नसते. निपाणीत त्यांना सारे 'आसनांच्या बाई' म्हणत. मीही शाळेत शिकवीत असल्याने 'बाई'च होते, तेव्हा हा फरक करणे गावाला भाग होते. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. ऐन चाळिशीत पाठीच्या दुखण्याने त्यांना इतके घेरले की फळ्यावर वरच्या ओळीत लिहिण्यासाठी हात उचलेना. पुण्याला भावाकडे उपचारासाठी गेल्या, त्या १९७६ साली. आदल्याच वर्षी, १९ जानेवारी १९७५ रोजी, शिवाजीनगरात बी. के. एस. अय्यंगार यांची 'रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था' सुरू झाली होती. आठ अंगांची खूण म्हणून आठ खांबांवर उभारलेली ती वास्तू, दुखणाइतांचा स्वतंत्र वर्ग, भिंतीला टांगलेल्या दोऱ्या आणि मराठीत स्वच्छ बोलणाऱ्या गीताताई अय्यंगार, यांचे वर्णन बाईंनी आम्हांस इतक्या वेळा सांगितले की मी ती वास्तू प्रत्यक्ष पाहिली तेव्हा मला काहीच नवे वाटले नाही. सुट्टी लागली की बाई पुण्यास जात. अशी पाच-सहा वर्षे गेली. मग त्यांनी आपल्या घराची माडी झाडून घेतली, खिडकीच्या गजांना सुती दोर बांधले आणि गावातल्या बायकांना बोलावले.

शिकविताना बाई गोष्टी सांगत नसत. परंतु शवासन आटोपून आम्ही उठून बसलो की चार-दोन वाक्ये निघत, आणि त्यांत बेळगाव हटकून येई. "आपल्या बेळगावात हे बीज पडले आहे, विसरू नका," असे म्हणून त्या खिडकीतून दक्षिणेकडे पाहत, जणू तवंदीच्या घाटापलीकडे ती जागा दिसतच आहे.

हकीकत खरी आहे आणि ती आपल्या सीमाभागातील घरोघरी ठाऊक असावयास हवी. बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार यांचा जन्म १४ डिसेंबर १९१८ चा, कोलार जिल्ह्यातील बेल्लूर येथला. त्या वर्षी जगभर इन्फ्लुएंझाची साथ होती आणि त्यांची आईही तापाने फणफणलेली होती. तेरा भावंडांत हे अकरावे. वडील शिक्षक, ते मुलगा नऊ वर्षांचा असतानाच वारले. हिवताप, विषमज्वर, क्षय या साऱ्यांतून हा मुलगा कसाबसा तरला. मोठ्या बहिणीचे यजमान म्हणजे म्हैसूरचे योगाचार्य तिरुमलै कृष्णमाचार्य. १९३४ साली ते लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांच्या आश्रमाकडे निघाले असता, घरी बहिणीला सोबत म्हणून या मेव्हण्याला म्हैसुरास बोलावले. सोबतीला आलेला मुलगा तेथेच राहिला. आसने शिकला, पण प्रेमाने शिकला असे म्हणता येणार नाही. गुरू अत्यंत तापट होते. एका जाहीर प्रयोगात त्यांनी ऐनवेळी हनुमानासन करण्याची आज्ञा दिली. म्हणजे एक पाय सरळ पुढे, एक सरळ मागे आणि बैठक जमिनीला टेकलेली. मुलाने ते कधी केलेले नव्हते. सुटका व्हावी म्हणून तो म्हणाला, चड्डी घट्ट शिवली आहे, पाय फाकणार नाहीत. गुरूंनी कात्री मागविली आणि चड्डीच्या बाजू कापविल्या. आसन झाले, मांडीचे स्नायू मात्र फाटले आणि पुढे कितीतरी दिवस त्याला धड चालता येईना.

१९३६ साली कृष्णमाचार्य आपल्या शिष्यांना घेऊन उत्तर कर्नाटकाच्या दौऱ्यावर निघाले. या दौऱ्यात काही स्त्रियांनी शिकण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा शिष्यांतला सर्वांत लहान म्हणून ते काम या मुलावर आले. वय सतरा वर्षे. त्याच दौऱ्यात मंडळी बेळगावास आली. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतात होते आणि डॉ. व्ही. बी. गोखले येथे सिव्हिल सर्जन होते. त्यांनी या मुलाची आसने पाहिली. शल्यक्रिया करणाऱ्या माणसाची दृष्टी ती, सांधा कोठे वळतो आणि कोठे वळू नये हे जाणणारी. पुढच्याच वर्षी डॉक्टर निवृत्त होऊन पुण्यास राहावयास गेले आणि डेक्कन जिमखान्यावर योगाचा वर्ग सुरू करावयाचा ठरला तेव्हा त्यांना बेळगावचा तो मुलगा आठवला. १९३७ साली, अठरा वर्षांचा असताना, अय्यंगार सहा महिन्यांसाठी म्हणून पुण्यास आले. त्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी, २० ऑगस्ट २०१४ रोजी, पुण्यातच त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला आमच्या गावाचे सरकारी नाव बेळगावचे बेळगावी झाले, ही गोष्ट मला उगाच लक्षात राहिली आहे.

पुण्यास आले तेव्हा त्यांना मराठी येत नव्हती. घरची भाषा तमिळ, शाळेची कानडी, आणि इंग्रजीत तर मॅट्रिकला नापास झालेले. महाविद्यालयातील तरुण वयाने आणि अंगापिंडाने यांच्याहून थोर. ते शेंडी पाहून हसत. सहा महिन्यांचा करार वाढला, पुढे संपला, आणि मग असेही दिवस आले की पोटात नळाच्या पाण्यावाचून काही नसे. डॉ. गोखले ठिकठिकाणी शरीरशास्त्रावर व्याख्यान देत आणि अय्यंगार शेजारी आसने करून दाखवीत. स्नायूंची आणि हाडांची नावे त्यांनी अशी कानांनी शिकून घेतली. मला या जोडीचे नेहमी नवल वाटते. एकाजवळ भाषा होती, दुसऱ्याजवळ देह होता, आणि दोघांची गाठ पडली ती आपल्या सिव्हिल सर्जनच्या गावी! पुढची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. १९५२ साली मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांची भेट, १९५४ मध्ये त्यांच्या आग्रहाने स्वित्झर्लंडचा प्रवास, १९६६ मध्ये 'लाइट ऑन योगा' हा ग्रंथ, जो मराठीत 'योगदीपिका' म्हणून आला. मेनुहिन यांनी त्यांना घड्याळ भेट दिले आणि त्यावर हा आपला व्हायोलिनचा सर्वोत्तम शिक्षक आहे अशा अर्थाचा मजकूर कोरून घेतला. तरी मला त्या साऱ्यापेक्षा १९३६ चे बेळगाव अधिक दिसते.

असो. सांगावयाचे होते ते बाईंविषयी.

मी त्यांच्याकडे गेले १९८२ साली. तेहेतीस वर्षांचे वय, दोन मुले, शाळा, घरी सासूबाई अंथरुणावर, आणि कंबर अशी की रोज सकाळी अंथरुणातून उठताना भिंत धरावी लागे. कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी तीन आठवडे संपूर्ण विश्रांती सांगितली होती. ती कोणत्या घरात मिळते ते त्यांनी सांगितले नाही. शेजारीण मला बाईंच्या माडीवर घेऊन गेली. जिना अरुंद आणि उंच. तो चढताना मी तीनदा थांबले, आणि बाई वरून ते शांतपणे पाहत होत्या. नंतर कळले की नवी बाई आली की त्या जिना कसा चढते तेच आधी पाहतात. तपासणी तेथेच संपलेली असे.

माडीवर सामान असे होते : खाकी कापडात शिवलेल्या भाजक्या विटा, जुन्या नऊवारी लुगड्यांच्या काठांचे पट्टे, चार लोखंडी घडीच्या खुर्च्या, घोंगड्या आणि खिडकीचे ते दोर. पुण्याच्या संस्थेत लाकडी ठोकळे असत. निपाणीत सुतार परवडत नव्हता, वीट परवडत होती. स्वतः अय्यंगारांनीही सुरुवातीला रस्त्याकडेचे दगडविटाच वापरल्या होत्या, असे सांगून बाई आमची तोंडे बंद करीत. पहिला महिनाभर त्यांनी मला एकच गोष्ट करावयास लावली. खुर्चीवर पोटऱ्या ठेवून, पाठ जमिनीला टेकवून पडून राहावयाचे. मला वाटे, हे शिकणे कसले, ही तर झोप. महिन्याने मी भिंत न धरता उठले.

वर्गात कानडी भाषिक चार-पाच जणी होत्या. बाई सूचना मराठीत देत, आसनांची नावे संस्कृतात असत, आणि कोणाचा चेहरा कोरा दिसला की कानडीत 'मेले', 'केळगे' अशी भर टाकीत. एकदा त्या गंभीरपणे म्हणाल्या, "उसिरु बिडि." म्हणजे श्वास सोडा. झाले! आमच्या बाजूची सारी रांग खो-खो हसू लागली, कारण निपाणीत बिडी या शब्दाला दुसरा अर्थ शोधावा लागत नाही. बाईंना हसू आवरले नाही. त्या दिवशी अर्धमत्स्येंद्रासन कोणालाच जमले नाही. बाहेर भाषेवरून जे काही चालत असे, त्याची झळ त्या जिन्यावरून वर येत नव्हती, असे मात्र मी म्हणणार नाही. मोर्चा असला की वर्ग बंद असे, आणि दुसऱ्या दिवशी दोन रांगांत नेहमीपेक्षा थोडे अधिक अंतर पडे. बाई ते अंतर पाहत, आणि जोडीजोडीने करावयाचे आसन त्या दिवशी घेत.

आता जे सांगावयाचे ते मी आजवर या सदरात टाळीत आले आहे.

१९८४ च्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्रिकोणासन चालले होते. माझा पुढचा गुडघा वाकत होता. बाईंनी दोनदा सांगितले. तिसऱ्या वेळी त्या मागून आल्या, गुडघ्याखाली सणसणीत चापट मारली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शाळेत पोरींना सरळ रेघ काढायला शिकवतेस, आणि स्वतःचा पाय सरळ होईना?" समोरच्या रांगेत माझ्या वर्गातील दोन मुलींच्या आया होत्या. त्यांनी माना खाली घातल्या, आणि मला त्याचेच अधिक लागले. मी माझी घोंगडी घडी केली, ठेवली आणि जिना उतरले. कोणी अडविले नाही.

ही मारण्याची रीत बाईंनी पुण्याहून आणली होती आणि पुण्याला ती म्हैसूरहून आली होती. अय्यंगारांच्या नावाच्या आद्याक्षरांचा त्यांचे विलायती शिष्य थट्टेने 'ठोका, लाथाडा, थापड मारा' अशा अर्थाचा विस्तार करीत. ज्या मुलाच्या मांडीचे स्नायू गुरूच्या हट्टापायी फाटले, त्याने दुखणाइतांसाठी इतक्या मायेने उशा-दोऱ्यांची योजना करावी, आणि त्याच हाताने चापटही मारावी, याचा मेळ मला अजून बसत नाही. चापट लागली म्हणून शरीर जागे होते असे जाणकार सांगतात. मी पस्तीस वर्षे शाळेत शिकविले आणि कोणा मुलीवर हात उचलला नाही. तिच्या रेघा तरीही सरळ आल्या. या बाबतीत बाई चुकत होत्या असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे.

अकरा महिने मी गेले नाही. तिसऱ्या महिन्यात कंबर पुन्हा धरली. आणि त्याच सुमारास माझ्या वर्गातील एका विडी कामगार बाईची मुलगी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलावर घडी केलेला कागद ठेवून गेली. वहीचे अर्धे पान. त्यावर बाईंचे वळणदार अक्षर : "खुर्चीवर पाय, दहा मिनिटे. भिंतीशी ताडासन. पुढे वाकणे बंद. थंडीत कमरेला लोकरी कापड." खाली सही नाही, खुशाली नाही, झाल्या गोष्टीचा उल्लेख नाही. दुसऱ्या महिन्यात आणखी एक कागद आला. मी कशी चालते आहे याची वार्ता त्यांना कोठून तरी मिळत होती, कारण प्रत्येक कागद त्या महिन्याच्या दुखण्याला धरून असे. असे आठ कागद आले. उत्तर मी एकाचेही पाठविले नाही. त्यात लिहिलेले मात्र रोज करीत होते. शेवटच्या कागदावर एवढेच होते : "आता घरी करून पुढे जाणार नाही." दुसऱ्या दिवशी मी जिना चढले. वर्ग सुरू होता. बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मागच्या रांगेत जागा आहे."

माफी त्यांनी मागितली नाही. मीही मागितली नाही. परंतु त्यानंतर त्यांनी माझ्या अंगाला हात लावण्यापूर्वी बोट पुढे करून क्षणभर थांबावे, आणि मी मान हलविली की मगच स्पर्श करावा, असे सुरू झाले. फक्त माझ्या बाबतीत, हे पुढे लक्षात आले. इतरांना चापट मिळतच होती.

१९८६ च्या उन्हाळ्यात त्यांनी मला एका रविवारी विडी कामगारांच्या वस्तीत नेले. निपाणीचा तंबाखू म्हटला की आपल्याला १९८१ चे शेतकऱ्यांचे आंदोलन आठवते. घराघरांच्या ओसऱ्यांवर मांडीवर सूप घेऊन वाकलेल्या बायका क्वचितच आठवतात. तेंदूचे पान कापावयाचे, तंबाखू भरावयाची, वळावयाचे, दोरा बांधावयाचा. दिवसाला हजार विड्या वळल्या की मजुरीचा हिशेब बसतो. दहा-दहा तास मान एकाच कोनात. बाईंनी त्यांना माडीवर बोलाविले होते, पण कोणी आले नव्हते. एका म्हाताऱ्या बाईने कारण सांगितले, "अर्ध्या तासाला पन्नास इड्या जात्यात बाई. त्या कोन भरून देनार?"

या प्रश्नावर बाई काही बोलल्या नाहीत. त्या तेथेच ओसरीवर बसल्या, मांडीवर सूप घेतले आणि संध्याकाळपर्यंत विड्या वळावयास शिकल्या. पुढचे दोन रविवार त्यांनी तेच केले. तिसऱ्या रविवारी त्यांनी आसने सांगितली, ती सूप मांडीवरून न उतरविता करावयाची. पंचवीस विड्यांची जुडी बांधून झाली की दोन्ही हात मागे भिंतीला टेकवून छाती वर. चार जुड्या झाल्या की मांडी बदलावयाची, डावा पाय वर असेल तर उजवा. दोरा दाताने तोडताना मान खाली न नेता दोरा वर आणावयाचा. 'योगदीपिके'त सुमारे दोनशे आसने आहेत. त्यांत ही तीन नाहीत, आणि माझ्या मते बाईंच्या आयुष्याचे काम ती तीनच होत. वेळ जात नव्हता, म्हणून बायका करू लागल्या. त्या म्हातारीने महिन्याभराने सांगितले, "रातच्याला कूस वळाय येतंय आता." दर रविवारी तासभर फिरून पाहण्याचे काम बाईंनी माझ्याकडे दिले. शिकविण्याची माझी तयारी आहे का, हे मला कोणी विचारले नव्हते.

१९९१ साली त्यांनी मला विचारले, असे एकदाच झाले. पुण्यास जाऊन रीतसर शिकून ये, तीन वर्षे सुट्ट्यांत राहा, मग ही माडी तुझी. मी घरी विषयदेखील काढला नाही. मुले दहावी-बारावीत होती, सासूबाई होत्या, आणि खरे सांगावयाचे तर मला भीती वाटली. बाईंसारखे व्हावयाचे म्हणजे बाईंसारखे एकटे व्हावयाचे, असे काहीसे माझ्या मनात होते. मी अर्जुननगरला देवचंद महाविद्यालयाच्या कट्ट्यावर त्यांना नाही म्हणून सांगितले. ते महाविद्यालय निपाणीचे, पण जमीन महाराष्ट्राची. बाईंनी एवढेच म्हटले, "बरं. हद्द ओलांडून आलीस सांगायला, तेही खूप झालं." त्या हसत होत्या की नाही ते मला अजून ठरविता आलेले नाही.

१९९७ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. माडीवर त्यांना चढविता येईना, म्हणून वर्ग काही दिवस खालच्या सोप्यात भरला आणि हळूहळू आटला. रविवारचा वस्तीतला फेरा मी तीन वर्षे चालविला. मग मुलीचे लग्न, सासूबाईंचे अखेरचे आजारपण, यांत एक रविवार चुकला, मग दोन चुकले. बाई २००१ साली गेल्या. शेवटी शेवटी बोलणे अस्पष्ट झाले होते. एका दुपारी मी त्यांच्या पायांखाली खुर्ची सरकवून पोटऱ्या तिच्यावर ठेवल्या, त्यांनी मला पहिल्या महिन्यात शिकविले होते तसे. डाव्या हाताचे बोट उचलून त्यांनी माझ्या दंडाशी नेले, थांबल्या. मी मान हलविली. मग त्यांनी माझा उचललेला खांदा खाली दाबला.

२००६ मध्ये, निवृत्तीच्या आदल्या वर्षी, निपाणीच्या एस्. टी. स्थानकावर एका बाईने मला हाक मारली. ओळख पटेना. ती म्हणाली, "रविवारच्या बाई न्हवं तुमी? परत कदी येनार?" माझी कोल्हापूरची गाडी लागली होती. काय उत्तर दिले ते आठवत नाही, पण खरे दिले नसणार. सुनेला, लेकीला शिकवलेस का, असे तरी विचारावयास हवे होते. तेवढेही सुचले नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाची परत निघाली. पहाटे तिचा व्यायाम चालला असताना मी दारातून पाहत होते. पाठ जमिनीला छान टेकली होती, परंतु उजवा खांदा कानाकडे चढत होता. मी बोट पुढे केले आणि थांबले. "दाखव ना," ती म्हणाली. खांदा खाली बसला तसा तिचा श्वासच बदलला. "हे तुला कोण गं शिकवलं?" मग जे थोडे वर लिहिले आहे ते तिला सांगितले, बसची वेळ होईपर्यंत.

निघताना तिची नजर स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तेथे खाकी कापडातील एक वीट ठेवलेली असते. कापड मी दोनदा नवे घातले आहे, वीट तीच. "आत्या, ही मला दे. माझ्या टीचरला दाखवीन," ती म्हणाली. मी तिला चिवडा दिला, अनारसे दिले, कुंदा तर दिलाच. वीट दिली नाही. बंगळुरात बुचाच्या लाकडाचे हलके ठोकळे मिळतात असे तीच आदल्या दिवशी सांगत होती.